पिशवी काढण्याआधी एक मिनिट

चायनीजच्या गाडीवर हिरव्या मिरच्या घालून ठेवलेली एक बाटली असते. तिच्यातले आंबट पाणी म्हणजे व्हिनेगर, जुन्या माणसांच्या भाषेत शिरका. या शिरक्यात जे आम्ल असते त्याला ॲसेटिक आम्ल म्हणतात. त्याचे चार-पाच टक्क्यांचे द्रावण, कापसाचा बोळा, चांगला उजेड आणि शिकून तयार झालेली एक नर्स, एवढ्या सामग्रीवर पिशवीच्या तोंडाचा कर्करोग होण्याच्या कित्येक वर्षे आधी त्याची चाहूल लागू शकते. जामखेड, पाटोदा, आष्टी, भूम, परांडा या पट्ट्यातल्या आपल्या माता-भगिनींना ही गोष्ट माहीत असणे फार गरजेचे आहे, म्हणून यावेळचे आरोग्याचे पान आम्ही या आम्लासाठी दिले आहे. विषय संकोचाचा आहे हे आम्हाला ठाऊक आहे. घरातल्या पुरुषांनीही तो वाचावा.

महिला मंडळाच्या बैठकीत बायका मोकळेपणाने बोलू लागल्या की एक वाक्य हमखास ऐकू येते. ‘डॉक्टर म्हणाले पिशवी खराब झाली, काढली नाही तर कॅन्सर होईल.’ आम्ही विचारतो, खराब म्हणजे काय झाले होते? कोणती तपासणी केली? कागद कुठे आहे? बहुतेक वेळा उत्तर येते की अंगावरून पांढरे जात होते, कंबर दुखत होती, सोनोग्राफी केली आणि पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झाले. वय विचारावे तर तीस, बत्तीस, कधी त्याहूनही कमी.

हे कुठल्या एका गावाचे दुखणे नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या प्रश्नावर राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली होती. सर्वेक्षण झालेल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. जामखेडच्या वस्त्यांमधूनही दरवर्षी कोयत्यावर माणसे जातात. उचल घेतलेली असते, एक दिवस खाडा पडला की पैसे कापले जातात, फडावर ना आडोसा ना पाणी. पाळीचे चार दिवस म्हणजे चार खाड्यांची धास्ती. अशा वेळी ‘पिशवीच काढून टाका, कटकट मिटेल’ हा सल्ला पटकन पटतो. त्याला कर्करोगाची भीती जोडली की नाही म्हणण्याची ताकदच राहत नाही. कर्ज काढून ऑपरेशन होते आणि ते फेडायला पुन्हा उचल.

यातली कर्करोगाची भीती खरी की खोटी हे तपासता येते. त्यासाठीच हे आम्ल.

दोन कार्बनांचे आम्ल

तेला-तुपात जी आम्ले असतात त्यांना फॅटी ॲसिड म्हणजे मेदाम्ले म्हणतात. कार्बनचे अणू साखळीच्या कड्यांसारखे एकमेकांना जोडलेले असतात. शेंगदाण्याच्या किंवा करडईच्या तेलात ही साखळी सोळा-अठरा कड्यांची असते. ॲसेटिक आम्लात फक्त दोन कडी. त्याची जवळची भावंडे म्हणजे तीन कड्यांचे प्रोपिऑनिक आणि चार कड्यांचे ब्युटिरिक आम्ल. खवट झालेल्या लोण्याला जो उग्र वास येतो तो ब्युटिरिकचा. ही तीनही आम्ले आपल्या पोटातही रोज तयार होतात. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी यांतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो मोठ्या आतड्यातले जीवाणू आंबवतात आणि त्यातून ही आम्ले निघतात. त्यांत सर्वांत जास्त ॲसेटिकच असते. तेव्हा हे काही परके रसायन नव्हे.

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ते ‘इथेनॉइक आम्ल’ या नावाने येते. दोन कार्बन, चार हायड्रोजन, दोन ऑक्सिजन. शुद्ध आम्ल रंगहीन असते, वास नाकात झणझणतो, आणि तापमान १७ अंशांच्या खाली गेले की ते बर्फासारखे गोठते. म्हणून शुद्ध आम्लाला ‘ग्लेशियल’ म्हणजे हिमासारखे म्हणतात. घरात दहावीचे लेकरू असेल तर आईला समजावून सांगायचे काम त्याच्याकडे द्यावे, त्याचाही धडा पक्का होईल.

शिरका तयार होतो तो दारूपासून. दारू उघडी राहिली की हवेतले जीवाणू तिच्यातल्या अल्कोहोलचे आम्ल करतात. कारखान्यात दुसरे मार्ग आहेत. जगात आज बहुतेक ॲसेटिक आम्ल मिथेनॉलपासून करतात, पण आपल्याकडे साखर कारखान्याच्या मळीतून अल्कोहोल आणि त्या अल्कोहोलपासून आम्ल असेही ते बनत आले आहे. म्हणजे जो ऊस तोडताना बाईची कंबर मोडते, त्याच उसाच्या मळीतून तिची तपासणी करणारे आम्ल निघू शकते. लाकूड चिकटवायचा फेव्हिकॉल, तापाची पॅरासिटामॉलची गोळी, कापडाच्या गिरणीतले रंगकाम, लोणची टिकवणे, अशा नाना ठिकाणी हे आम्ल किंवा त्यापासून केलेले पदार्थ लागतात. त्या यादीत आम्ही शिरत नाही.

आपल्या कामाची गोष्ट एवढी की हे दुबळे आम्ल आहे. बॅटरीतले गंधकाम्ल पाण्यात पडताच पुरते फुटते, त्याचा प्रत्येक कण जाळायला मोकळा होतो. ॲसेटिक आम्लाच्या पाच टक्के द्रावणात दोनशे कणांतला एखादाच फुटलेला असतो, बाकीचे अखंड राहतात. आणि अखंड कण शरीरातल्या पेशीची भिंत सहज ओलांडून आत जातात. जाळत नाहीत, पण आत शिरतात. शिरक्यातली मिरची कुजत नाही त्याचे एक कारण हेच, आम्ल जंतूंच्या आत जाऊन त्यांचे काम बंद पाडते. आणि पिशवीच्या तोंडावर ते उपयोगी पडते तेही याच गुणामुळे.

पांढरा डाग कशाचा?

गर्भाशयाचा खालचा, योनीत उतरलेला भाग म्हणजे पिशवीचे तोंड. तिथला कर्करोग एका दिवसात होत नाही. एचपीव्ही नावाच्या विषाणूचा संसर्ग शरीरसंबंधातून होतो. जर्मनीचे हॅराल्ड त्सुर हाउसेन यांनी हा विषाणू आणि हा कर्करोग यांचा संबंध दाखवला, त्याबद्दल त्यांना २००८ चे नोबेल मिळाले. बहुतेक बायकांच्या शरीरातून हा विषाणू एक-दोन वर्षांत आपोआप जातो. थोड्या जणींच्या शरीरात तो ठाण मांडतो, तोंडावरच्या पेशी हळूहळू बिघडवतो, आणि त्या बिघाडाचा कर्करोग व्हायला साधारण दहा-पंधरा वर्षे लागतात. या मधल्या वर्षांत दुखत नाही, खुपत नाही, रक्तही जात नाही. डोळ्यांना काही दिसत नाही. सोनोग्राफीतही हा बिघाड दिसत नाही. सोनोग्राफीचा कागद दाखवून कोणी ‘कॅन्सर होणार आहे’ म्हणाले तर हे वाक्य आठवावे.

बिघडलेल्या पेशींचे केंद्रक मोठे असते आणि त्यात प्रथिने दाटीने भरलेली असतात. आम्ल आत शिरले की ही प्रथिने काही वेळापुरती साकळतात. दुधात लिंबू पिळल्यावर जसे होते तसेच, फक्त इथे थोड्या वेळाने सगळे पूर्ववत होते. साकळलेल्या पेशींतून उजेड आरपार जात नाही, तो परत फिरतो, आणि गुलाबी तोंडावर तेवढा भाग पांढरा दिसू लागतो. निरोगी पेशींत अशी प्रथिने कमी असतात, त्यामुळे त्यांचा रंग गुलाबीच राहतो. डाग उमटायला एक मिनिट लागते, म्हणून नर्स आम्ल लावून मिनिटभर थांबते. पुढच्या काही मिनिटांत डाग विरून जातो. वैद्यकीय भाषेत या तपासणीला व्हीआयए म्हणतात. बायका ‘व्हिनेगरची तपासणी’ म्हणतात, ते नाव बरोबरच आहे.

आणखी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. अंगावरून जाणारे पांढरे आणि हा पांढरा डाग यांचा एकमेकांशी संबंध नाही. पांढरे जाण्याचे कारण बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असते आणि तो औषधाने बरा होतो. पाळीच्या आधी, गरोदरपणी थोडे पांढरे जाणे तर शरीराचा धर्मच आहे. घाण वास येणारे पाणी, शरीरसंबंधानंतर रक्त दिसणे, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त जाणे, या तीन गोष्टी मात्र अंगावर काढू नयेत. त्यांच्यासाठी शिबिराची वाट न पाहता थेट डॉक्टरकडे जावे.

हे काम कोणी करायचे?

आमच्या जामखेडचे नाव आरोग्याच्या क्षेत्रात जगभर घेतले जाते ते डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांच्या कामामुळे. १९७० मध्ये त्यांनी इथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच बाईला, तिला अक्षरओळख नसली तरी, आरोग्य कार्यकर्ती करायचे ही त्यांची पद्धत. त्या कार्यकर्त्यांमध्ये अनेक जणी दलित वस्तीतल्या होत्या. जिच्या हातचे पाणी चालत नव्हते तिच्या हातून सवर्णांच्या घरची बाळंतपणे होऊ लागली. हातपंप खोदायची वेळ आली तेव्हा ते दलित वस्तीत बसतील असेही त्यांनी पाहिले, म्हणजे पाण्याला सगळ्या गावाला तिथेच यावे लागे. या दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कमी शिकलेल्या बाईला शिकवले तर ती डॉक्टरचे पुष्कळ काम करते, हे जामखेडने तेव्हाच दाखवून दिले होते.

पिशवीच्या तोंडाच्या कर्करोगाबाबत तेच सिद्ध झाले मुंबईच्या वस्त्यांमध्ये. टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली १९९८ पासून मुंबईतल्या वस्त्यांमधील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख बायकांचा अभ्यास झाला. निम्म्या जणींची दर दोन वर्षांनी व्हिनेगरची तपासणी झाली. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. चार आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या. बोलावलेल्या दहा जणींपैकी जवळजवळ नऊ जणी आल्या. सेविका घरोघरी जाऊन समजावत होत्या, म्हणून हे झाले. २०१३ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले तेव्हा तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी भरले. देशभर असे केले तर वर्षाला सुमारे २२ हजार बायकांचे प्राण वाचतील, असा अंदाज संशोधकांनी मांडला. आपल्या देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कर्करोग होतो आणि पाऊण लाखाहून अधिक जणी त्याने जातात.

त्याहून जवळचे उदाहरण बार्शीचे आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने १९८७ पासून बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांची कर्करोग नोंदणी सुरू केली. देशातली ही पहिली ग्रामीण नोंदणी. नोंद ठेवणारी माणसे गावोगावी जाऊन पिशवीच्या तोंडाच्या कर्करोगाबद्दल बोलत. कोणतेही यंत्र नाही, कोणतीही तपासणी नाही, नुसते बोलणे. तेवढ्यानेही रोग पहिल्या टप्प्यात असतानाच दवाखान्यात येणाऱ्या बायकांचे प्रमाण वाढले. भूम-परांड्याची सीमा आपल्या तालुक्याला लागून आहे. तिथे बोलण्याने जे झाले ते इथल्या विहारातल्या बैठकीनेही होऊ शकते.

पुढे तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या ४९७ गावांत सुमारे १ लाख ३१ हजार बायकांवर मोठा अभ्यास झाला. चार गट केले. एका गटाची व्हिनेगरची तपासणी, दुसऱ्याची पॅप तपासणी, तिसऱ्याची एचपीव्ही विषाणूची तपासणी, आणि चौथ्या गटाची कोणतीच नाही. २००९ मध्ये निकाल आला. एचपीव्ही तपासणीच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, कोणतीच तपासणी नसलेल्या गटात ६४. दोन्ही गट साधारण सारख्याच आकाराचे होते. व्हिनेगरची तपासणी आयुष्यात एकदाच केली तर ठळक फरक दिसला नाही. मुंबईत ती दर दोन वर्षांनी होत होती, तिथे फरक पडला. तामिळनाडूतल्या दिंडीगल जिल्ह्यात एकदाच तपासणी केली, पण डाग दिसलेल्यांवर लगेच उपचार केले, तिथेही मृत्यू घटले. याचा अर्थ सरळ आहे. शिबिरात एकदा तपासणी करून घेऊन विसरून गेले तर उपयोग थोडा, आणि डाग निघाल्यावर उपचाराला गेलेच नाही तर उपयोग शून्य.

जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून एचपीव्ही तपासणीलाच पहिली पसंती देते. ती अधिक अचूक आहे आणि तिच्यासाठी बाईला स्वतःचा नमुना स्वतः घेता येतो. जिथे ती मिळत असेल तिथे तीच करावी. पण तिला प्रयोगशाळा लागते, खर्च येतो, आणि आपल्या उपकेंद्रापर्यंत ती पोचेपर्यंत हातात काय आहे? शिरका आहे.

वस्तीतल्या बाईची संमती

या अभ्यासांची दुसरी बाजू न सांगणे आम्हाला बरोबर वाटत नाही. मुंबई आणि उस्मानाबाद दोन्हीकडे एका गटाची तपासणी झालीच नाही, त्या बायकांना फक्त माहिती दिली गेली, आणि त्यांतल्या काही जणी पुढे याच कर्करोगाने वारल्या. पॅप तपासणी उपयोगी आहे हे जगाला तेव्हा माहीत होते. मग गरीब बायकांना तपासणीशिवाय ठेवून मोजदाद करणे कितपत न्याय्य होते, संमती घेताना त्यांना पॅप तपासणीबद्दल पुरेसे सांगितले होते का, असे प्रश्न देशात आणि अमेरिकेत जोराने विचारले गेले. अमेरिकी डॉक्टर एरिक सुबा यांनी तशी रीतसर तक्रारही केली. संशोधकांचे उत्तर असे की, भारतात तेव्हा गरीब बाईला कोणतीच तपासणी मिळत नव्हती, त्यामुळे तिच्याकडून काही काढून घेतले असे म्हणता येत नाही.

हे उत्तर आम्हाला पुरेसे वाटत नाही. अभ्यासासाठी नेहमी वस्तीच निवडली जाते आणि तिथल्या बाईचा अंगठा मात्र घाईघाईने घेतला जातो. या तपासणीचा इतिहासच तसा आहे. पिशवीचे तोंड मोठे करून पाहण्याची दुर्बीण, कोल्पोस्कोप, हॅम्बुर्गचे हान्स हिन्सेलमान यांनी १९२५ मध्ये तयार केली आणि ॲसेटिक आम्ल लावून पाहण्याची रीतही त्यांनीच रुळवली. याच हिन्सेलमान यांना दुसऱ्या महायुद्धानंतर रोमा जमातीच्या स्त्रियांच्या सक्तीच्या नसबंदीबद्दल शिक्षा झाली. म्हणून तपासणीला नाही म्हणायचे का? मुळीच नाही. ज्या ज्ञानाची किंमत आपल्यासारख्या बायकांनी मोजली, त्याचा लाभ तर आधी आपल्याच बायकांना मिळाला पाहिजे. मात्र कोणत्याही कागदावर सही किंवा अंगठा देण्याआधी तो मराठीत वाचून घ्यावा आणि ‘हा उपचार आहे की अभ्यास?’ असे स्पष्ट विचारावे.

तपासणीला जाताना

केंद्र सरकारच्या २०१६ च्या सूचनांप्रमाणे ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईची ही तपासणी दर पाच वर्षांनी सरकारी आरोग्य केंद्रात व्हायला हवी. सोबत तोंडाची आणि स्तनांचीही. आशाताई तिशीपुढच्यांचा जो फॉर्म भरून नेतात तो यासाठीच असतो. कागदावर हे सगळे आहे. प्रत्यक्षात २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांतल्या दोघींनीही ही तपासणी कधी केलेली नव्हती. उपकेंद्रात आम्ल नसते, किंवा शिकलेली सिस्टर बदलून गेलेली असते, किंवा आमच्या बायकाच जात नाहीत. पहिल्या दोन कारणांसाठी महिला मंडळाने प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. तिसऱ्यासाठी बरोबर चार जणी गेल्या की पुरते.

पाळी सुरू असताना जाऊ नये, पाळी संपून आठ-दहा दिवस झालेले बरे. आदल्या दिवशी संबंध टाळावा, आत कोणतेही औषध घालू नये. गरोदर असेल तर ही तपासणी पुढे ढकलतात. टेबलावर झोपवून एक साधन आत घालून तोंड दिसेल असे करतात, थोडे दडपल्यासारखे वाटते. आम्ल लावल्यावर किंचित चुरचुरते. सगळे मिळून पाच-दहा मिनिटे. पन्नाशीनंतर, पाळी गेल्यावर, तोंडाचा नेमका तो भाग आत सरकतो आणि डाग दिसेनासा होऊ शकतो, त्यामुळे त्या वयात पॅप किंवा एचपीव्ही तपासणीबद्दल विचारावे.

डाग दिसला म्हणजे कर्करोग झाला असे नाही. सूज किंवा जुना जंतुसंसर्ग असला तरीही पांढरे दिसते, व्हिनेगरच्या तपासणीचा तो मोठा दोषच आहे. म्हणून पुढे दुर्बिणीतून पाहतात, गरज वाटल्यास छोटा तुकडा काढून तपासतात. पेशी बिघडलेल्या निघाल्या तर तेवढाच भाग गोठवून किंवा गरम साधनाने काही मिनिटांत नष्ट करता येतो, भरती व्हावे लागत नाही. पुढचे काही आठवडे अंगावरून पाणी जाते, महिनाभर संबंध टाळायचा. पिशवी जागेवर राहते. हे वाक्य घरी मोठ्याने वाचावे. तिशीतल्या बाईची पिशवी काढली, त्यातही अंडकोशांना हात लागला, तर पाळी जाण्याचे सगळे त्रास दहा-पंधरा वर्षे आधी मागे लागतात. अंग तापते, झोप उडते, हाडे ठिसूळ होतात. मग कोयता धरवत नाही.

घरच्या व्हिनेगरने आत धुणे, बोळा ठेवणे, ‘ॲपलचे व्हिनेगर प्यायल्याने गाठ विरघळते’ असल्या मोबाइलवरच्या गोष्टी, यांपैकी काहीही करू नये. पिऊन कर्करोग बरा होत नाही आणि धुऊन आतले चांगले जंतू मरतात. दवाखान्यात सुद्धा शुद्ध आम्लाचे पाच भाग पंचाण्णव भाग पाण्यात मिसळूनच वापरतात. शुद्ध आम्ल कातडी भाजून काढते, ती बाटली लेकरांच्या हाती लागता कामा नये.

मुलींसाठी एचपीव्हीची लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या ‘सर्व्हाव्हॅक’ या देशी लसीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. संबंध सुरू होण्याआधी, नऊ ते चौदा वयात ती सर्वांत उपयोगी. लस घेतलेल्या मुलीनेही तिशीनंतर तपासणी करायचीच. आणि पुरुषांसाठी एक सूचना. हा विषाणू पुरुषाकडून बाईकडेही येतो, अनेक वर्षे गप्प बसतो. डाग निघालेल्या बायकोवर संशय घेण्याला शास्त्राचा कोणताही आधार नाही.

राहिला ऑपरेशनचा प्रश्न. गर्भाशयाच्या अनावश्यक शस्त्रक्रिया थांबवण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये सूचना काढल्या आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितले. तेव्हा कोणत्याही दवाखान्यात ‘पिशवी काढा’ म्हटले तर तीन कागद मागण्याचा आपल्याला हक्क आहे: कोणता आजार आहे ते लेखी, पिशवीच्या तोंडाच्या तपासणीचा निकाल, आणि औषधाने काय करून पाहिले त्याची नोंद. ते घेऊन सरकारी रुग्णालयातल्या दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. कर्करोग खरोखर निघाला तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्याचे उपचार मोफत आहेत, सावकाराकडे जायची गरज नाही.

कोयत्यावर जाणाऱ्या भगिनींनी ही तपासणी दसऱ्याच्या आधी उरकून घ्यावी, म्हणजे डाग निघाला तरी निघण्यापूर्वी पुढच्या तपासणीला वेळ मिळतो. ते जमले नाही तर पट्टा पडून परत आल्यावर पहिल्या पंधरवड्यात. निकालाच्या कागदाची एक झेरॉक्स घरी ठेवावी, एक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फडावर सोबत न्यावी, आणि परमुलखातल्या दवाखान्यात कोणी ऑपरेशनची गोष्ट काढली तर आधी ती पुढे करावी.